पेटीत की जवळ

लेकीचं पाणी गेलं तेव्हा ती माझ्याकडं छावणीतल्या घरी चार दिवस राहायला आली होती. पहिलीच खेप, साडेपाच महिने झालेले. बाळंतपणाला आणायला अजून वेळ होता. माझ्या हातची भाकरी अन् शेंगदाण्याची चटणी खावीशी वाटली म्हणून नुसती आली होती. मी तिला घरात केरसुणीसुद्धा उचलू दिली नव्हती. हे आधीच सांगते, कारण तिला दवाखान्यात न्यायला रिक्षात बसल्यापासून माझ्या डोक्यात तेवढंच चाललं होतं. कन्नडहून विहीणबाई येतील, विचारतील, काय सांगू? लेक कळा सोसत होती अन् मी उत्तरं जुळवत होते.

जावई चिकलठाण्याच्या कंपनीतून कामाच्या कपड्यांतच आले. दुपारपर्यंत व्याही आणि विहीणबाई जीपनं पोचले. जयभीम झाला. विहीणबाईंनी मला एका शब्दानं काही विचारलं नाही. उलट पिशवीतून डबा काढला अन् म्हणाल्या, "ताई, तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नसंल." त्यांनी भांडण काढलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मग आम्हाला सगळ्यांना एका लहान खोलीत बोलावलं. दारावर समुपदेशन असं लिहिलेलं. मला वाटलं, दारू सोडवायची खोली असेल. लहान बाळांच्या डॉक्टरीणबाई आल्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. टेबलामागं न बसता खुर्ची ओढून आमच्या समोर बसल्या. म्हणाल्या, कळा आता थांबणार नाहीत, बाळ आज नाहीतर उद्या येईल. त्याची फुप्फुसं तयार नाहीत, कातडी ओल्या कागदासारखी असते. पेटीत ठेवून, नळी घालून, सुया टोचून प्रयत्न करता येईल. पण इतक्या लवकर आलेली बहुतेक बाळं त्यातून वाचत नाहीत, अन् वाचलेल्यांतल्या बऱ्याच जणांना जन्मभर त्रास राहतो. दुसरं असं करता येतं, की नळ्या घालायच्या नाहीत, ऊब द्यायची, दुखू द्यायचं नाही आणि जितका वेळ राहील तितका वेळ आईजवळ ठेवायचं. दोन्हींतलं काही चुकीचं नाही, असंही त्या म्हणाल्या.

मला पेटी तेवढी कळली. शेजारणीचा नातू पेटीत होता, आता माझ्या दारातल्या कुंड्या फोडत हिंडतो. मी म्हटलं, ठेवा की पेटीत, त्यात विचारायचं काय? तो किती महिन्यांचा जन्मला होता, असं त्यांनी विचारलं. आठव्यातला, मी म्हटलं.

"आजी, पेटी ऊब देते," त्या हळू म्हणाल्या, "पण पोटाचं काम पेटीला येत नाही."

मग सुरू झाला आमचा मानपान. आमचे मालक व्याह्यांना म्हणाले, दादा, नातवंड तुमचं, तुमचा शब्द शेवटचा. व्याही म्हणाले, नाय भाऊ, लेक तुमची, तुम्ही म्हणाल तसं. मी विहीणबाईंकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. लग्नात पंगतीला आधी कोणी बसायचं यावरून आम्ही असाच घोळ घातला होता. दिसायला एकमेकांचा मान राखत होतो, पण खरं तर ज्याला त्याला ते ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायचं होतं. जावई मान खाली घालून बसले होते. त्यांना कुणी विचारलंच नाही.

डॉक्टरीणबाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग विचारलं, "आईला कुणी विचारलं का?"

विहीणबाई घाबरल्या. "तिला नका सांगू, बाई. ती कोसळंल."

"तिला कळतंय. ती सकाळपासून मला विचारतेय. तुम्ही समोर आलात की गप्प होते."

आम्ही उठून तिच्या खाटेपाशी गेलो. जावयाला तिच्या उशाशी बसवलं, आम्ही चौघं पायथ्याशी उभे. डॉक्टरीणबाईंनी तेच सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश, काही न गाळता.

लेक म्हणाली, "पेटीत ठेवलं तर मला हात लावता येईल?"

"थोडा. काचेच्या भोकातून."

"आणि जवळ ठेवलं तर?"

"पूर्ण वेळ तुमच्याजवळ."

तिनं नवऱ्याकडं बघितलं. जावई कसेबसे म्हणाले, "त्याला सुया टोचलेल्या मला बघवणार नाहीत गं."

"मग माझ्याजवळच द्या," लेक म्हणाली.

माझ्या तोंडाशी आलं होतं, अगं, एकदा प्रयत्न तरी करू दे. तेवढ्यात विहीणबाईंनी माझं मनगट धरलं, असं दाबलं की बांगडी रुतली. मी गप्प राहिले. बरं केलं का, ते मला आजही सांगता येत नाही.

संध्याकाळी मुलगी झाली. तळहाताहून जराशी मोठी. नर्सबाईंनी घातलेली टोपी तिच्या डोळ्यांवर घसरत होती अन् लेक ती पुन्हा पुन्हा वर करत होती. जावयांनी बोट पुढं केलं, तिचा हात त्यावर नुसता टेकून राहिला. बाहेर भेटायला आलेल्या लोकांची वर्दळ ओसरेपर्यंत ती होती. मग डॉक्टरीणबाईंनी कानातली नळी तिच्या छातीला लावून ऐकलं आणि म्हणाल्या, गेली. आम्ही हळू आवाजात त्रिसरण-पंचशील म्हटलं. पुरुषमाणसं तिला पुरायला घेऊन गेली.

घरी आणल्यावर लेकीला दूध आलं. येईल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, तरी ते बघवेना. सुनेच्या माहेरी सासू कधी मुक्काम करत नाही, पण विहीणबाई राहिल्या. तिच्या छातीला गार पाण्याच्या घड्या त्याच ठेवायच्या, मला जमत नव्हतं.

अशात आमची एक नणंद भेटायला आली. चहाचा कप हातात घेऊन म्हणाली, पेटीत का नाही ठेवलं? आजकाल केवढीकेवढीशी जगतात. विहीणबाई म्हणाल्या, "आम्ही समद्यांनी मिळून ठरवलं."

लेक आत झोपलीय असं आम्ही धरून चाललो होतो. ती भिंतीला धरत बाहेर आली. पदर ओला झालेला.

"नाही आत्या, मी ठरवलं," ती म्हणाली. "ती जिवंत होती तेवढा वेळ माझ्याजवळ होती."

नणंदेनं चहा संपवला आणि निघाली. लेक तिथंच खाली बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली. उगी उगी म्हणायला मी पुढं झाले, पण तसं म्हटलं नाही. विहीणबाईंनी दार लोटून घेतलं आणि आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना बसून राहिलो.