आपल्या जागी माणूस

आमच्या घरातली एकही गोल वस्तू फिरकीच्या तावडीतून सुटली नाही. लिंबू, कांदा, बटाटा, काहीही हाताला लागलं की मनगटाला झटका आणि ते गर्रकन हवेत. मेथीचा लाडूसुद्धा आधी एकदा फिरायचा, मग तोंडात जायचा. वर तक्रार, "आज्जी, लाडवाला शिवण नाही, पकड बसत नाही." मी म्हणायची, "खायाला केलाय भवाने, टाकायला न्हाई." तिचं खरं नाव वेगळं होतं. पण मी फिरकी म्हणायला लागले आणि अख्खं माण गाव तिला फिरकी म्हणायला लागलं.

आमची भाताची खाचरं होती तिथं आता कंपन्यांच्या काचा चमकतात. उरलेल्या जागेत आम्ही खोल्या बांधल्या. एरवी भाडेकरू येतात ते संगणकवाले. ही बार्शीकडची पोर मात्र खांद्यावर क्रिकेटचं किट घेऊन आली, सरावाचं मैदान जवळ म्हणून. मी विचारलं, "सैपाक येतो का?" म्हणाली, "ऑफस्पिन येतो."

क्रिकेटशी माझा तोवरचा संबंध म्हणजे एक बॅट. तरुणपणी मी एवढी शहाणी, की मुलगा अभ्यास करत नाही म्हणून त्याची बॅट बंबात घातली आणि त्याच पाण्यानं त्याला न्हाऊ घातलं. वर शेजारणींना कौतुकानं सांगितलं, लाकूड चांगलं होतं, पाणी पटकन तापलं. अशा बाईच्या घरी देवानं गोलंदाज पाठवली.

फिरकी भारताकडून थोडे सामने खेळली होती, मग तिला वगळलं. तिच्या जागी दुसरी मुलगी आली आणि दोघींचं बोलणं तुटलं. संघ जाहीर व्हायचा त्या दिवशी निवड करणाऱ्यांना शिव्या मी घालायची, ती गुपचूप भांडी घासायची. "जागा कुणाची नसते आज्जी, पाळी असते," एवढंच म्हणायची. पण त्या दिवशी भांडी जरा जास्तच लखलखायची.

दोन वर्षं कुणी विचारलं नाही. मग इंग्लंडमधल्या एका काउंटी संघानं तिला हंगामासाठी बोलावलं. तिकडे परदेशी खेळाडू मोजकेच घेतात, म्हणजे मानाची जागा. मी गोडा मसाला बांधून दिला. भर मे महिन्यात फोनवर पोर दोन स्वेटर घालून दिसायची. "बोटं गारठतात आज्जी, चेंडू फिरतच नाही." मी म्हटलं, "भाताच्या लावनीत चिखलात हात गारठले की आमी चहाचा पेला धरून बसायचो." तिनं तेच केलं. चहानं की तिच्या मेहनतीनं कोण जाणे, पण विकेटा पडायला लागल्या आणि तळातला संघ उपांत्य फेरीत गेला. श्रेय अर्थातच मी चहाला दिलं.

तेवढ्यात भारताचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला आणि हरायला लागला. त्या दुसऱ्या मुलीला काढलं आणि फिरकीला बोलावलं. मी न विचारता गावभर पेढे वाटले. घरी येऊन फोन लावला तर ही रडतेय.

"आगं, ज्याच्यासाठी झिजलीस ते मिळालं की!"

"आज्जी, कुणी विचारत नव्हतं तेव्हा ह्या काउंटीवाल्यांनी विचारलं. आठवड्यावर सामना आलाय आणि मी उठून जाऊ? आणि नाही म्हटलं, तर भारताचा फोन परत येईल का?"

मला आमची लावणी आठवली, ती मी तिला सांगितली. आमच्याकडे लावणी सावडीनं व्हायची. आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. मी नवी नवरी. ऐन लावणीत भाऊ न्यायला आला. मी चिखलाच्या पायांनीच हिरवं लुगडं नेसून उभी! सासूबाई म्हणाल्या, "जा की. पन सावडीतनं उठायचं तर आपल्या जागी मानूस देऊन जायाचं." माणूस एकच मोकळं होतं, माझी जाऊ. आणि माझा तिच्याशी अबोला, कारण हळदीकुंकवाला तिला माझ्यापेक्षा मोठा गजरा मिळाला होता. अशा थोर कारणावरचा अबोला गिळून मी तिच्यापुढं उभी राहिले. ती पदर खोचून गेलीसुद्धा.

हे ऐकून फिरकी डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे मला जाऊ शोधायला पाहिजे." आणि तिनं फोन लावला तो त्या दुसऱ्या मुलीलाच, ती अजून तिकडंच होती. काउंटीच्या प्रशिक्षकांकडे शब्दही हिनंच टाकला. त्यांनी धावपळ करून कागदपत्रं केली. पण त्या दिवशी माझा फोन ठेवण्यापूर्वी बयेनं मला विचारलं, "आज्जी, तुमच्या जाऊबाई आता कुठं असतात?"

"भिंतीपल्याड."

"बोलता?"

मी म्हटलं, आवाज येत न्हाई, आणि फोन बंद केला. जमिनीच्या वाटणीपासून आमचं बोलणं नव्हतं.

उपांत्य सामना मोबाइलवर दिसणार होता, पण मला बारीक दिसेना. जावेकडे भिंतीएवढा टीव्ही. उरलेले पेढे घेऊन मी तिच्या दारात गेले. तिनं पेढा घेतला, मोबाइल टीव्हीला जोडून घेतला. सामना रंगला. त्या मुलीनं चार बळी घेतले तेव्हा जाऊ पहिल्यांदा बोलली.

"तुजी भाडेकरीन हीच का?"

"न्हाई गं. ती देशाच्या संघात गेली. ही तिनं आपल्या जागी दिलेली."

जावेनं माझ्याकडं निरखून पाहिलं. "म्हंजी मी?"

दोघी इतक्या हसलो, की शेवटचा चेंडू बघायचा राहिला.

काउंटी अंतिम फेरीत पोचली, पण तिथं हरली. देशाच्या संघात फिरकीनं निम्मा दौरा पाणी वाटलं. मी चिडले तर म्हणते, "आज्जी, पाणी वाटायलाही निवड व्हावी लागते." पुढच्या हंगामाला काउंटीनं त्या दुसरीलाच बोलावलं. फिरकीला लागलं ते. पण चहाच्या पेल्याची युक्ती हिनंच तिलाही सांगितली होती.

पुढे नोकरीपायी फिरकीनं खोली सोडली. जाताना पाया पडली आणि टोपलीतलं लिंबू एकदा फिरवून जागेवर ठेवलं. भारताच्या संघात ती अजून आत-बाहेर असते. ती आत असली की सामना बघायला मी जावेकडं जाते. बाहेर असली की निवड करणाऱ्यांना शिव्या घालायला जाऊ माझ्याकडं येते.