छापून आलं तर मानीन

माझे वडील मलायात रबराच्या मळ्यावर कारकून होते. लढाईत जपान्यांनी मळ्यावरची माणसं सयामच्या, म्हणजे थायलंडच्या, जंगलातल्या रेल्वेच्या कामाला हाकलत नेली, त्यांत तेही गेले. लढाई संपून बारा वर्षं झाली, तरी मद्रासला आम्हाला त्यांचं काही कळलं नव्हतं. आईनं व्रत धरलं होतं: ते येईपर्यंत दिवसातून एकदाच दहीभात. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. मला बघवायचं नाही.

मग त्या कामावरून जिवंत परतलेला एक जण भेटला. पटकीनं मजुरांचे तळच्या तळ मेले म्हणाला; वडिलांना त्यानंच पुरलं होतं. भटजी म्हणाले, बारा वर्षं झालीत, दर्भाची प्रतिमा करून दहन करा, म्हणजे आईचं व्रतही सुटेल. पण आई कसली ऐकतेय!

"कोण कुठला तो? एवढी माणसं मेली असती तर पुस्तकात आलं नसतं? छापून आलं तर मानीन."

मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायचे. आठवीचं नवं पुस्तक निघणार होतं. जॉर्ज टाउनमधल्या प्रकाशकाच्या मी अक्षरशः पाया पडले. त्या रेल्वेवर माणसं मेली, एवढं एक वाक्य घाला हो, एकच!

"अम्मा, लहान मुलांचं पुस्तक आहे, घाबरतील ती," तो म्हणाला. "बघतो, जरा सौम्य करून घालतो."

सौम्य! डोंबलाचं सौम्य! पुस्तक आलं. जंगलातून धूर सोडत जाणाऱ्या गाडीचं छान चित्र, आणि खाली तमिळमध्ये एक ओळ: हजारो मजुरांनी अपार कष्टानं हा अवघड लोहमार्ग पुरा केला. पुरा केला, आणि मग काय, घरी गेले सगळे? माझं डोकंच फिरलं. ते पुस्तक मी घरात दिसू देणार नव्हते, पण आईनं माझ्या पिशवीतून ते आधीच काढलं होतं. ओळीवर बोट ठेवून तिनं दोनदा वाचलं. इतक्या वर्षांनी तिचा चेहरा खुलला.

"बघ, काम पुरं झालंय. मेले असं कुठे लिहिलंय?"

"अगं आई, खोटं आहे ते! मुलांसाठी लिहिलंय!"

"मुलांशी कोण खोटं बोलेल गं?"

मला नुसतं रडू येत होतं. तिनं समोरचा दहीभात माझ्याकडे सरकवला.

"आता निघालेच असतील ते," ती म्हणाली. "वाटेत विघ्न नको. येईपर्यंत मी ताकावरच राहते."