शिल्लक म्हणजे काय
ओल्या पाटीचा वास आला की इंग्रजी अमलातली सोलापूरची आमची मुलींची शाळा आठवते. आम्ही विणकरांच्या मुली घरी तेलुगू बोलायचो. इन्स्पेक्शन तोंडावर असताना ‘शिल्लक किती?’ असं वजाबाकीचं तोंडी उदाहरण आमचं सगळ्यांचंच चुकलं. मोठ्या बाई म्हणाल्या, “यांना खालच्या इयत्तेत बसवा.” आमच्या बाईंनी फळ्यावर नुसते आकडे मांडले, ते आम्ही बरोबर सोडवले. तेव्हा बाईंनी मला विचारलं, “शिल्लक म्हणजे काय गं?” मी म्हणाले, “ठाऊक न्हाय, बाई.” “गणित येतंय यांना, शब्द अडतोय,” त्या मोठ्या बाईंना म्हणाल्या. मग त्यांनी आमच्या ओंजळीत चुरमुरे घातले, थोडे खायला लावले आणि राहिलेले दाखवून म्हणाल्या, “ही शिल्लक.” आम्ही त्याच इयत्तेत राहिलो. आता नातवंडांना तेलुगू शब्द मला असेच वस्तू दाखवून शिकवावे लागतात.