आमच्या शिवणघरातलं युद्ध

चार बायका एका खोलीत शिवायला बसल्या की दोन गोष्टी न मागता साठतात. चिंध्या आणि किस्से! चिंध्यांची निदान गोधडी होते. किश्श्यांचं काय करायचं ते कळेना, म्हणून लिहायला बसले.

निलंगा रोडवरच्या आमच्या गावात आम्ही चौघी मिळून शाळांचे गणवेश शिवतो, गावातली किरकोळ शिलाईही करतो. मी कटिंग करते. रझियाआपा शर्ट शिवते. तिच्यासारखी कॉलर आसपासच्या चार गावांत कुणाला बसवता येत नाही. सुमन पॅन्ट शिवते. मंगल आमच्यात लहान, ती काज-बटण करते आणि मोबाइल बघते. मोबाइल जरा जास्तच!

हे किस्से एका उन्हाळ्यातले. अतिरेक्यांनी निष्पाप माणसं मारली, आपल्या देशानं उत्तर दिलं आणि सीमेवर तोफा सुरू झाल्या. सुमनचा एकुलता एक मुलगा दत्ता फौजेत आहे. तो तेव्हा सीमेवरच होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. आम्ही हसलो ते अशा दिवसांत. न हसता ते दिवस गेलेच नसते.

*

पहिल्या दिवशी मंगलनं बटणं बाजूला सारली आणि बातम्या द्यायचं काम अंगावर घेतलं.

"काकू, आपण त्यांचं बंदर घेतलं!"

जेवायच्या सुट्टीपर्यंत आपण तीन शहरं घेतली होती. चहाच्या वेळेला राजधानीसुद्धा आली. रझियाआपा म्हणाली, "अगं, जरा दम धर. इतकं सगळं घेतलं तर झाडून कोण काढणार?"

दुसऱ्या दिवशी त्याच मोबाइलनं सांगितलं की यातलं काही खरं नव्हतं. मंगलचं तोंड एवढंसं झालं.

सुमननं सुईत दोरा ओवता ओवता शांतपणे विचारलं, "मंग सगळं परत कधी देऊन टाकलं?"

त्या दिवसापासून शिवणघरात बातम्या लावायच्या नाहीत असा नियम झाला. नियम केला मंगलनंच. सुमन तोच दोरा तिसऱ्यांदा ओवत होती, ते तिनं पाहिलं होतं.

*

मग एक दिवस तालुक्याहून साहेब लोक आले. हल्ला झाला तर काय करायचं, त्याची तालीम घ्यायची होती. ते घरोघर सांगून गेले, "भोंगा वाजला की टेबलाखाली जायचं, डोकं झाकायचं."

आता आमच्या गावात पाण्याच्या टाकीवर एक भोंगा आहे. तो रोज संध्याकाळी पाचला वाजतो. तो वाजला की दुकानदार हिशेब आवरतो, मजूर खोरं धुतो आणि आम्ही मशीनवर कापड झाकतो. लहानपणापासून सवयच ती!

साहेबांनी तालमीसाठी तोच भोंगा चारला वाजवला.

आम्ही मशीनवर कापडं झाकली, चपला घातल्या आणि निघालो. रस्त्यावर बघतो तर सगळं गाव निघालेलं! दूधवाला म्हशीकडं, पोरं मैदानाकडं, बाप्ये चहाच्या हॉटेलाकडं. साहेब चौकात उभे राहून ओरडत होते, "अहो, हल्ला झालाय! हल्ला! घरात जा!"

रझियाआपा त्यांना म्हणाली, "घरीच तर चाललोय, साहेब."

*

आमच्याकडं एक फौजीमामा येतात. जुन्या लढाईत त्यांचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला. नवी पॅन्ट घेतली की ते सुमनकडून उजवा पाय आखूड करून घेतात.

त्या दिवसांत ते आले, तेव्हा दारात कॉलेजची चार-पाच पोरं शर्ट न्यायला थांबली होती. पोरांचं रक्त तापलेलं. "या वेळेस सोडायचंच न्हाई! सगळं संपवूनच टाकायचं!" असं चाललं होतं.

मामा काठी टेकवून बसले आणि म्हणाले, "बरोबर हाय. घरात शिरून कुणी मारलं तर उत्तर द्यावंच लागतंय. मला आज बोलावलं तर मी आज बी जाईन."

पोरं खूश झाली. एकानं तर मामांना हातच जोडले.

मामा मला म्हणाले, "बाई, तुमचा टेप काढा आणि या पोरांची मापं लिहून ठेवा. एकदा जायच्या आधी घ्यायची, एकदा आल्यावर."

पोरं शर्ट घेऊन गुपचूप गेली. एक जण तर पिशवी विसरून गेला.

ते गेल्यावर मात्र मामांच्या लक्षात आलं की समोर सुमन बसलीय. त्यांनी जीभ चावली. "पोरी, मी त्या पोरांसाठी बोललो गं."

सुमन म्हणाली, "हाव मामा, कळलं मला. पॅन्ट द्या."

आणि तिनं त्या दिवशी आखूड पाय इतका सुबक दुमडला की टाका दिसत नव्हता.

*

एक गृहस्थ चेन बसवायला पॅन्ट घेऊन आले. बसल्या बसल्या देशाचं बोलू लागले. बोलता बोलता रझियाआपाकडं बघून म्हणाले, "आता तुमच्या लोकांचं काय म्हणणं आहे?"

मशिनी थांबल्या. आपा हातातली कॉलर उलटीसुलटी करत राहिली.

सुमन उठली. ती कधी मोठ्यानं बोलत नाही, त्या दिवशीसुद्धा बोलली नाही. म्हणाली, "यांच्या लोकांत माझा दत्ता येतो. माझं दुखणं चाललं होतं तेव्हा तीन महिने आपांच्या घरी जेवलाय तो. भरतीला गेला तो शर्ट बी आपांनीच शिवला. तो तिकडं हाय म्हणून आपा रोज रोजा धरून राहिल्या, मला सांगत न्हाईत."

आपा चमकलीच. "तुला कुणी सांगितलं?"

"चार दिवस झाले, चहाला नको म्हणताय. तुम्ही! चहाला!"

गृहस्थ पॅन्ट तिथंच ठेवून उठले. "संध्याकाळी नेतो," म्हणाले. संध्याकाळी त्यांनी बायकोला पाठवलं. आपानंच चेन बसवून ठेवली होती, पक्की.

*

तोफा थांबल्याची बातमी आली. चौकात फटाके फुटले, पेढे वाटले. मंगल धावत आमचे पेढे घेऊन आली. सुमननं पेढा घेतला आणि कागदात गुंडाळून मशीनच्या खणात ठेवला. दत्ताचा फोन अजून नव्हता.

त्याच दुपारी मोबाइलवर बातम्या करणारा एक जण माइक घेऊन आला. जवानाची आई इथं असते, हे त्याला कुणी तरी सांगितलेलं. त्यानं आधी सुमनला पदर डोक्यावर घ्यायला लावला, मागं शाळेच्या निळ्या चड्ड्या दिसत होत्या त्या काढायला लावल्या आणि मग विचारलं, "माउली, देशाला काय सांगाल? बदला पूर्ण झाला, की अजून पाहिजे?"

सुमननं विचार केला. म्हणाली, "मला फोन पाहिजे."

"नाही, म्हणजे सरकारकडून तुमची अपेक्षा..."

"फोनच."

"आणि शत्रूला काय सांगाल?"

सुमन म्हणाली, "तिकडच्या बायांना बी आले असतील का हो फोन?"

त्यानं माइक बंद केला. ती बातमी काही आम्हाला कुठं दिसली नाही. निळ्या चड्ड्या मात्र त्यानं स्वतः परत लावून दिल्या, अगदी मापाप्रमाणे!

*

आता शेवटचा.

त्यानंतर दोन दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास सुमनचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. तिच्याच्यानं उचलवेना. मंगलनं उचलला, स्पीकरवर टाकला आणि मशीनच्या फळीवर ठेवला.

"आई?"

दत्ताच होता! रझियाआपानं तोंडावर पदर दाबला. माझ्या हातातली कात्री कापडातच राहिली.

"आई, मी बरा हाय. दुसऱ्याचा फोन हाय, दोनच मिनिटं मिळालीत. बोल की."

सुमनचे ओठ हलले. आवाज निघेना. आम्ही खुणा करतोय, मंगल तिला हलवतेय, पण छे!

"आई, हायस का? ऐकू येऊन राहिलंय का? हॅलो?"

मला वाटलं, आता तो ठेवून देतो. मी पुढं होणार, इतक्यात सुमननं पाय पायडलवर ठेवला आणि मशीन चालवायला सुरुवात केली. सुईखाली कापड नाही, सुईत दोरा नाही, नुसतीच मशीन. खटखट, खटखट, खटखट.

पलीकडं दत्ता एकदम गप्प झाला. सुमन डोळे मिटून पाय मारत होती. एक मिनिट गेलं, कदाचित जास्तच.

मग त्याचा आवाज आला, जरा जड, पण हसरा.

"आई, कोरडी चालतीय गं. तेल घाल."

आणि फोन कट झाला.

सुमननं डोळे पुसले आणि हात पुढं केला. आम्ही तिघींनी एकदमच आपापली तेलाची कुपी तिच्यासमोर धरली.