प्रमिलाबाईचं बोट आणि टोपलीतली चार अंडी

"सकायले मी सांगं, आज सहा. नि टोपलीमा चार! दोन कोठे गयात?"

"कोंबडी शे ती, भाग्येशनी माय. मशीन नही."

"पोटमा अंडं व्हतं. मन्हा बोटले लागनं!"

"थंडी पडनी, दिन आखूड व्हयना. उजेड कमी पडना का कोंबडी अंडा कमी देस."

"पोटमा बनेल अंडं थंडीमा विरघळी जास का?"

यावर हिलालने बायकोकडे पाठ फिरवली आणि मोरनीच्या आयाळीत तोंड खुपसलं. मोरनी म्हणजे त्याची काळी घोडी. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत तिला मिरवायची, या एका स्वप्नावर हिलाल वर्षभर जगत होता.

प्रमिलाबाई मात्र बोटावर जगत होती. उजव्या हाताच्या तर्जनीवर. रोज सकाळी कोंबड्या खुराड्याबाहेर सोडायच्या आधी एकेक कोंबडी काखेत घ्यायची, शेपटीखाली बोट टेकवायचं, डोळे मिटायचे आणि जाहीर करायचं, "ही आज देई. ही नही." धानोऱ्याच्या त्या गल्लीतली कुठलीही कोंबडी सुरीखाली जाण्याआधी प्रमिलाबाईच्या काखेतून जायची. बोट 'ठेव' म्हणालं की कोंबडी वाचली. 'काप' म्हणालं की कांदा चिरायला घ्या. दुपारी ती मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडायला जायची, पण त्या तिखट हाताने कोंबडीला शिवायची नाही. एकदाच विसरली होती. ती कोंबडी तीन घरांच्या पत्र्यांवरून उडाली ती संध्याकाळी परतली.

असं हे बोट खोटं पडू लागलं, आणि गल्लीला तेवढंच हवं होतं.

"प्रमिलाबाई," शेजारची जसोदाबाई कुंपणावरून ओरडली, "बोटले चस्मा लाव ना वं!"

हसणं चार घरं पुढे गेलं. दुसऱ्या दिवशी गजराबाईने तर न विचारताच कोंबडी कापली. रश्श्याचा वास आला तेव्हा प्रमिलाबाई उंबऱ्यावर बसून आपल्या तर्जनीकडे बघत राहिली, जणू त्या बोटालाच ताप आला होता.

मग तिने कंबर कसली. कोंबड्या बाहेर कुठे घालत असतील म्हणून चाऱ्याची गंजी उपसली, बैलगाडीखाली रांगली, पाण्याच्या टाकीमागे डोकं घातलं. दोन वर्षांपूर्वी हरवलेली चप्पल सापडली. अंडं नाही. मुंगसाचा माग काढला, तर मुंगूस नाही, मांजरच, तीही जसोदाबाईची, आणि तिला अंड्यापेक्षा ऊन आवडायचं.

नवल म्हणजे हिलाल मदतीला धावला. खुराड्यात त्याने स्वतः बल्ब लावला, पहाटेपासून उजेड. कवच घट्ट व्हावं म्हणून कोंबड्यांना अंड्यांची कुटलेली टरफलं आणून घातली. "ऑम्लेटना गाडीवरथून लयनू," म्हणाला. पाणी कोमट, ज्वारीसोबत शेंगदाण्याची पेंड. कोंबड्यांची पिसं अशी फुलली की एकीला दाराच्या फटीतून बाहेर येता येईना.

बोट म्हणालं सात. टोपलीत चार.

बोट म्हणालं आठ. टोपलीत चार.

बोट म्हणालं नऊ! प्रमिलाबाईने दोनदा तपासलं, कोंबडी वैतागली. पथारीवरून शिंकत शिंकत घरी आली, टोपलीत हात घातला. चार! चार म्हणजे चार, सरकारी नियम निघाल्यासारखे.

आणि मोरनी? मोरनी अशी चकाकत होती की त्यांचा मुलगा भाग्येश तिच्या पोटाच्या आरशात बघून भांग पाडायचा.

यात्रेला निघायच्या सकाळी गल्ली घोडी बघायला जमली. हिलालने गुलाबी फेटा बांधला, मोरनीच्या गळ्यात घुंगरं घातली आणि जाता जाता कोंबड्यांपुढे मूठभर टरफलं फेकली. प्रमिलाबाई दाणे टाकत होती. तिने एक टरफल उचललं, उन्हात धरलं.

"ओ भाग्येशना बाप. गाडीवरना अंडा धवळा राहतस ना?"

"धवळाच. मंग?"

"मंग हाई टरफल आपला अंडासारखं तांबूस कसं?"

घुंगरं थांबली. जसोदाबाई कुंपणाला अशी लटकली की कुंपण करकरलं. प्रमिलाबाई सावकाश घोडीजवळ गेली, तेच बोट तिच्या ओठाखाली घातलं आणि बाहेर काढून सगळ्यांना दाखवलं. टोकावर पिवळाजर्द बलक.

"दूधमा फेटीसन पाजतस, नही? रोज पाच?"

"तिले... तिले चमक येस," हिलाल पुटपुटला.

"आनि मन्ही चमक गई ती?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच. गजराबाई तोंडात पदर कोंबून बसली. तिला आपली कापलेली कोंबडी आठवली असावी. जसोदाबाई घरात पळाली आणि लालबुंद कोंबडी बगलेत दाबून कुंपणावरून परत हजर. "वं प्रमिलाबाई, हिले जरा पाह्य ना. आज कापाले निंघेल व्हतू."

प्रमिलाबाईने बोट पदराला पुसलं, कोंबडी काखेत घेतली. डोळे मिटले.

"ठेव. हाई उद्या देई."

डोळे उघडले ते थेट नवऱ्यावर.

"आते तुम्हीच सांगा या गल्लीना बठ्ठास्ले. मन्हं बोट खरं का खोटं?"

हिलालने फेटा सारखा केला. लगाम धरला. मोरनीने मान उडवली, आणि दोघं घुंगरं वाजवत, मागे न बघता, फाटकातून बाहेर पडले.