भंडाऱ्याने शेवटी जेवायचं

पळी पातेल्याच्या काठावर आपटायची आणि ओरडायचं, "गरम आहे तोवर!" हे शेजारच्या काकांचं जेवायचं बोलावणं. सिल्वासाच्या टोकरखाड्यातल्या आमच्या कॉलनीच्या भिंती कशा, तर शेजारी उचकी लागली की आपण पाणी घेऊन धावावं. सुरुवातीला मी दचकायची आणि शाळेच्या मुलांच्या वह्यांवर लाल रेघ वाकडी जायची. मग सवय झाली. शेजारी पळी वाजली की मीही आमच्या ह्यांचं ताट वाढायला घ्यायची.

काका बोटीवर भंडारी होते. जातीने नव्हे हो, कामाने. बोटीवरच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. सिंगापूर, हाँगकाँग, जपान करण्यात उमेदीची सगळी वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर कोकणात आपल्या घरी जायचे, ते सिल्वासाला आले. मुलगा इथे कारखान्यात लागला होता, आणि अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याने काकींना इकडेच आणून ठेवलं होतं. काकींचा उजवा हात गेला होता, जीभ थोडी जड झाली होती. पण डोकं शाबूत आणि बोलणं तिखट.

डॉक्टरांनी तेल, मीठ, मसाला बंद केला आणि काकांच्या हाताला चेव आला. आता तुमच्या डोळ्यांसमोर गाडीवरचा लालभडक चायनीज प्रकार आला असेल, तर पुसून टाका. काका म्हणायचे, "तिकडे घरात असलं कोणी खात नाही, बाई. वाफ, आलं आणि ताजी भाजी. संपलं." तांदळाची पेज आल्याचे धागे घालून. दुधी-गाजराचं निवळ पाणी. बोय मासा पातीच्या कांद्याबरोबर उकडलेला, त्यात गवती चहा! कॉलनीत बातमी पसरली की शेजारचे काका चहात मासा शिजवतात. आणि तो मासा त्यांनी पहिल्यांदा उकडला कशात, तर काकींच्या मोदकपात्रात. काकी जड जिभेनेही असं काही कडाडल्या की त्या संध्याकाळी काकांनी बाजारातून नवं पात्र आणलं आणि जुनं चिंचेने घासून, उन्हात ठेवून, हात जोडून फळीवर परत ठेवलं.

पावसाळ्यात जवळच्या खानवेलच्या आदिवासी बायका बांबूचे कोवळे कोंब विकायला बसायच्या. आम्ही शिकलेली माणसं नाक मुरडून पुढे जायचो. काका उकिडवे बसून एकेक कोंब दाबून बघायचे. एकीने तर त्यांना विचारलंच, "बाबा, तू आमच्या खानवेलचा का रं?" काका इतके खूश झाले, की घरी येऊन काकींना तीनतीनदा तेच सांगत बसले.

सकाळी रस. जपानहून आणलेलं हाताने फिरवायचं यंत्र होतं, त्याची घरघर लाईट गेली तरी चालू. गाजराचा, कोहळ्याचा, कधी अननसाचा. आमच्या ह्यांच्या पित्तावर उपाय म्हणून कोहळ्याचा पेला मागच्या अंगणाच्या भिंतीवरून यायचा. हे तोंड वाकडं करून तो प्यायचे आणि काकांना "वा!" म्हणायचे. पित्त गेलं, हे मात्र खरं.

एवढं सगळं का, ते काकांनीच एकदा सांगितलं. काकी पडल्या तेव्हा काका समुद्रात होते. निरोप पोचला, बोट धक्क्याला लागली, काका घरी आले, तोवर काकी डाव्या हाताने जेवायला शिकल्या होत्या. "मी तिकडे परक्या पोरांच्या माशाला आलं चोळत होतो, बाई, आणि ही अंगणात पडून होती. शेजारीण आली म्हणून वाचली." गाजरं घेऊन ते यंत्रापाशी जाऊन बसले.

मग त्या हिवाळ्यात काकींनी ताट टाकायला सुरुवात केली. दोन घास, आणि चमचा खाली. काका वेडेपिसे झाले. भोपळा करून बघ, पपनस आण, मासा बदल. काकी हो-नाही काही बोलायच्या नाहीत. अंगातलं बळ जायला लागलं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळीने भरवावं लागेल. काका माझ्या दारात येऊन उभे. "माझ्या हाताची चव गेली, बाई. सगळ्या दुनियेला जेवू घातलं आणि हिच्या घशाखाली घास जात नाही. ती मला माफ करत नाहीये."

मी दुपारी काकींजवळ जाऊन बसले. काकांनी ताट आणलं, समोर नीट ठेवलं, पाण्याचा पेला पुसून ठेवला, आणि गेले आत. स्वयंपाकघरात ओट्याशी टेकून उभे राहिले. बोटीवरची शिस्तच तशी. भंडाऱ्याने सगळ्यांना घालायचं आणि शेवटी, उभ्याने, उरलेलं खायचं. काका घरी आले तरी ती सुटली नव्हती.

मी म्हटलं, "काकी, का हो जेवत नाही? किती करतात ते."

काकींनी ताटाकडे बघितलं. "अगो, मी काय बोटीची कप्तान आहे?"

मला कळेना.

"तो समुद्रावर होता तेव्हा एकटी जेवले. आता तो घरात आहे, तरी एकटीच जेवते." काकींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "चव काय चुलीत घालायची?"

मी तरातरा आत गेले. काकांच्या वयाचाही मुलाहिजा ठेवला नाही. म्हटलं, "ती पळी ठेवा खाली! बाहेर जा, बायकोशेजारी बसा आणि जेवा. तुम्हाला अक्कल कधी येणार?"

काका आधी हसले. मग समजलं, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला माझ्या जिभेचा राग आला. पण गेले. ताट घेऊन गेले. मांडी घालून बसायची सवय नव्हती, अवघडून बसले. अळणी मासा, अळणी पेज. चाखायला जिभेला टेकवणं वेगळं आणि अख्खं ताट संपवणं वेगळं. चौथ्या घासाला थांबले.

"हे तू रोज खातेस?"

"कळलं का आता?" काकी म्हणाल्या आणि वाकड्या तोंडाने हसल्या. त्या दिवशी त्यांनी ताटातलं सगळं संपवलं.

नळीबिळी लागली नाही. पुढचा उन्हाळा आणि पावसाळा दोघं समोरासमोर बसून जेवले. भिंतीपलीकडून भांडणंही ऐकू यायची: आलं जास्त झालं, मासा शिळा आणलास, तुला काय कळतंय. दिवाळीच्या आधी काकी झोपेतच गेल्या.

तेराव्यानंतर मी काकांना म्हटलं, "आमच्याकडे जेवत जा." मुलगाही म्हणाला, "बाबा, माझ्याबरोबर बसा." काका हो म्हणायचे, आणि ताट घेऊन आतल्या खोलीत जायचे. दार लावून घ्यायचे. मुलगा बाहेर ताटावर नुसता बसून राहायचा.

एकदा मला राहवेना. दार ढकलून आत गेले. काका भिंतीकडे तोंड करून जेवत होते.

"हे काय चालवलंय, काका?"

"ती इतकी वर्षं अशी जेवली, बाई. मला थोडं तरी जेवू दे."

"तिला आवडलं असतं का हे?"

"नसतं आवडलं," ते म्हणाले. "पण माझ्यावर ओरडायला ती आहे कुठे?"

मी बरंच बोलले. सून येईल, नातू होईल, पोराचं तोंड बघा, सगळं सगळं. काका ऐकत राहिले, मान हलवत राहिले. मग म्हणाले, "तुझं जेवण थंड होईल." मी बाहेर आले तशी त्यांनी दार पुन्हा लोटून घेतलं.

पुढच्या वर्षी मुलाचं लग्न ठरायच्या आत ते कोकणातल्या घरी निघून गेले. मुलगा रडला, मी भांडले, त्यांनी कोणाचं ऐकलं नाही. ते घर मी पाहिलेलं नाही. मला एवढंच दिसतं, की दिवेलागणीला ते एकटे ताट वाढून घेतात आणि जेवतात, आणि शेजारी कोणीही येऊन बसलेलं त्यांना चालत नाही. मला काकांचा अजून राग येतो. फार राग येतो.