बाबा बोलायला लागले

तुमसर रोडला रायपूरची गाडी थोडाच वेळ थांबते. तेवढ्यात आईनं खिडकीच्या गजांतून सगळं सांगून घेतलं. "तिथं तोंड उघडजो. कोणी विचारलं तर नीट उत्तर देजो. घुम्यासारखी बसून राहिली तर घरी धाडतील तुले." बाबा आधीच डब्यात चढून, बॅग सीटखाली सरकवून, तिची चेन दोनदा ओढून पाहून खाली उतरले होते. गाडी हलली तसा त्यांनी हात वर केला. तो हलवला नाही, नुसता वर ठेवला.

आमच्या घरात न बोलणारी माणसं दोन, बाबा आणि मी. उन्हाळ्यात संध्याकाळी आम्ही दारासमोर चिंचा फोडत बसायचो. गर परातीत, चिंचोके टोपल्यात. परात भरायची, अंधार पडायचा, आणि आमच्यात एक शब्द झालेला नसायचा. आई येता-जाता विचारायची, "काहून, भांडले का दोघं?" आम्ही एकमेकांकडे बघून पुढची चिंच उचलायचो. तेवढं सुख मला नंतर कुठं मिळालं नाही.

रायपूरला मी हॉटेलात हिशेबाच्या कामावर आले होते. पण माणसं कमी पडली आणि मला लग्नाच्या बुकिंगच्या टेबलावर बसवलं. तिथं एका लग्नासाठी अख्खं खानदान येतं. मामा, फुफा, दोन वहिन्या, सगळे एकदम बोलतात. "दीदी, पनीर के दो आइटम तो बनते हैं ना!" "अरे भैया, पहले हॉल तो देख लो!" मी हसायला शिकले. मावशा-काकवांचे हात हातात घ्यायला शिकले. शंकर नगरातल्या खोलीवर परतले की गाल दुखायचे. दार लावून मी भिंतीला टेकून बसायची.

टिकले ते मात्र जुन्याच सवयीवर. एवढ्या गर्दीत कोण बोलत नाही, ते मी बघायची. बहुतेक वेळा तो नवरीचा बाप असायचा, कडेच्या खुर्चीवर, हातात बंद मोबाइल. मी चहा घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसायची आणि गप्प राहायची. थोड्या वेळानं तो आपणहून हळूच विचारायचा, "मेरी माँ सीढ़ी नहीं चढ़ पाती. नीचे कमरा मिल जाएगा?" मी म्हणायची, "हव, मिल जाएगा." बुकिंग तिथं पक्कं व्हायचं. बाकीचे पनीरवर भांडत असायचे. मालक सगळ्यांना सांगतात, "मॅडम को बात करना आता है." मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. पुढं त्यांनी सगळा विभागच माझ्याकडे दिला.

काही वर्षांपूर्वी बाबा डोळे दाखवायला रायपूरला आले. मला निघायला उशीर होता, म्हणून हॉटेलच्या सोफ्यावर बसून राहिले. समोर माझं चाललेलं होतं, टाळ्या देणं, खिदळणं, "अरे वा आंटीजी!" रिक्षात ते एवढंच म्हणाले, "बरं बोलते आता तू." मला वाटलं, कौतुक केलं.

तोवर आमचा फोन म्हणजे "जेवली?" "हो," आणि मग दोन्हीकडे शांतता. त्यांच्याकडे कुकरची शिट्टी, माझ्याकडे पंख्याची घरघर. बऱ्याच वेळानं, "ठेवतो." रायपूरहून गेल्यावर मात्र बाबा बोलायला लागले. लाइट गेली होती. धानाला यंदा भाव नाही. शेजारच्या गाईला गोऱ्हा झाला. मी समजले, म्हातारपण आहे, एकटं वाटत असेल, बोलायला कोणीतरी हवं असेल. मग दिवसभराच्या बडबडीनंतर मी पुन्हा तोच हॉटेलातला आवाज काढायची. "अरे वा! मग काय झालं?" ते हसायचे. फोन ठेवला की मला गळून गेल्यासारखं व्हायचं.

बाबा थंडीत गेले, बसल्या जागी. तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि आई भांडी पुसता पुसता म्हणाली, "सुटले म्हणा ते फोनच्या टेन्शनातून."

"कसलं टेन्शन?"

"अवं, तुझा फोन यायच्या आधी अंगणात फेऱ्या मारत, काय बोलाचं ते जुळवत. 'पोट्टी आता बोलकी झाली, मी गप बसलो तर कंटाळंल मले,' म्हणत. मलेच विचारत, आज काय सांगू तिले? मी म्हणलं, गाईचं सांगा."

मी तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि पुसून फळीवर ठेवलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. त्यांना वाटलं मी बदलले, मला वाटलं ते बदलले. विचारून घेणं आमच्या दोघांच्याही स्वभावात नव्हतं.

तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले आणि जे मागं राहिले, त्यांनी फोनवर एकदा गप्प राहून बघा. कदाचित पलीकडच्यालाही तेच हवं असेल.

आता आई फोन करते. ती पहिल्यापासून बोलते, मी ऐकते. ते बरं आहे, पण ते घर नाही. परवा हॉटेलात एक पार्टी आली. नवरीचा बाप कडेला बसला होता. आमची नवीन मुलगी त्याला बोलतं करायला निघाली, तिला मी थांबवलं. "रहने दे. बैठने दे उनको." मग चहा घेऊन मीच त्याच्या शेजारी बसले. तो काही बोलला नाही, मीही नाही. चहा संपेपर्यंत मी घरी होते. मग आतून हाक आली, "मॅडम!" आणि मी हसत उठले.